आवाज 'सुधारणाऱ्या' शेजाऱ्यास

चिरंजीव,



पत्रास कारण तुझी माझदा आरएक्स-८. काल रात्री पावणेबाराला ती घरी पोहोचल्याचं मला कळलं, समोरच्या आजोबांना कळलं आणि टूंगाबी स्टेशनच्या पलीकडच्या मंडळींनाही बहुधा कळलं. सुखरूप पोहोचल्याची खबर इतक्या आवर्जून देणारी मुलं हल्ली सिडनीत राहिलीत कुठे! हे पत्र मुद्दाम मराठीत लिहिलंय. तुला वाचता येत नाही हे ठाऊक आहे. आईकडून वाचून घे, तेवढा वेळ तरी इंजिन बंद राहील.

गणपतीच्या आरतीला तू मोठ्या अभिमानाने म्हणालास, "काका, एक्झॉस्ट कस्टम करून घेतलाय, साउंड इम्प्रूव्ह झालाय." प्रसादाचं ताट हातात होतं म्हणून मी गप्प बसलो. पुढे गाडी जॅकवर चढलेली असताना खाली वाकून पाहिली. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गायब, मधला रेझोनेटर गायब, मागचा सायलेन्सर गायब. उरला एक सरळसोट पाइप आणि त्याच्या टोकाला लोट्याएवढं चकचकीत तोंड. म्हणजे तीन कामाच्या वस्तू काढून नेण्याबद्दल मफलरवाल्याला तू वर पैसे मोजलेस. आमच्या लहानपणी भंगारवाला उलट आपल्याला पैसे देऊन जायचा.

मागच्या काचेवर नारिंगी-हिरव्या रंगात ५५चा आकडा चिकटवला आहेस, तोही पाहिला. निवड उत्तम. १९९१ साली ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकणाऱ्या माझदा ७८७बीचा तो आकडा. त्या गाडीचा आवाज मीही हेडफोन लावून ऐकतो, कारण मला शेजारी आहेत. पण जरा हिशेब करू. रोटरी इंजिनात शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्याला प्रत्येक रोटरमागे एक स्फोट होतो. तिला चार रोटर, फेरे मिनिटाला ९०००. म्हणजे सेकंदाला ६०० स्फोट, समान अंतराने. कानाला ते वेगळे ऐकूच येत नाहीत, त्यांचा एक चढा, अखंड सूर होतो. तुझ्या गाडीला रोटर दोन, आणि माझ्या खिडकीखाली ती ८०० फेऱ्यांवर उभी असते. सेकंदाला साधारण २७ स्फोट. याला सूर म्हणत नाहीत. याने फडताळातल्या बशा वाजतात.

तुझं इंजिन ९००० फेऱ्यांपर्यंत जाऊ शकतं हे मान्य. तिथे त्याचा सूर ३००च्या घरात पोहोचतो आणि तो खरोखर ऐकण्यासारखा असतो. पण तो ऐकायला ईस्टर्न क्रीकचा ट्रॅक लागतो. आपल्या गल्लीत ताशी ५०ची मर्यादा आहे आणि मध्ये दोन गतिरोधक आहेत.

आता त्या 'ब्रॅप-ब्रॅप'बद्दल. जुन्या आरएक्स-७ आणि आरएक्स-३ उभ्या जागी जे अडखळत बोलतात, ते तुला हवं होतं आणि पाइप बदलला की मिळेल असं कोणीतरी तुला सांगितलं. सांगणाऱ्याचा पत्ता दे, त्यालाही एक पत्र टाकतो. अरे, ते अडखळणं पाइपमध्ये नसतं. त्या जुन्या रोटरी इंजिनांत जळका वायू बाहेर सोडणारं पोर्ट हाउसिंगच्या परिघावर असतं, आणि काही काळ ते व आत घेणारं पोर्ट एकाच वेळी उघडी राहतात. पोर्ट घासून मोठी केली की हा काळ वाढतो, जळका वायू ताज्या मिश्रणात शिरतो, एक स्फोट नीट होतो आणि एक फुसका जातो. त्या लंगडण्याला लोक संगीत म्हणतात. आरएक्स-८साठी माझदाने बाहेर सोडणारी पोर्टंही बाजूच्या भिंतीत नेली आणि हा सामाईक काळ पार संपवला. तुझं इंजिन जन्मतः सरळ बोलणारं आहे. पाइप कापून ते तोतरं होणार नाही, फक्त ओरडून सरळ बोलेल.

हिरोशिमात केनिची यामामोतो यांच्या हाताखाली ४७ अभियंत्यांनी या इंजिनासाठी रक्त आटवलं. रोटरच्या टोकांवरच्या पट्ट्या थरथरून हाउसिंगच्या आतल्या भिंतीवर ओरखडे उठायचे. सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणायचे त्यांना. ते घालवले तेव्हा कुठे १९६७ साली कॉस्मो स्पोर्ट विकायला आली. ते ओरखडे आता आमच्या मेंदूवर उठतात, एवढीच काय ती तू घातलेली भर.

रोटरीला सायलेन्सर इतरांपेक्षा जास्त लागतो, कमी नाही. साध्या इंजिनात झडप हळूहळू उघडते. इथे झडपच नाही. रोटर सरकला की पोर्ट एकदम उघडं पडतं आणि वायू थोबाडीत मारल्यासारखा पाइपमध्ये शिरतो, तोही भयंकर तापलेला आणि सोबत थोडं न जळलेलं पेट्रोल घेऊन. (टर्बोवाल्या आरएक्स-७मध्ये निदान टर्बोचं चाक तो मार अंगावर घेतं. तुझ्याकडे टर्बोही नाही.) त्या तडाख्यातून कर्कश भाग वेचून काढायचा आणि गाभा ठेवायचा, हे काम रेझोनेटर करतो. शाई खरवडलेला तबला घेऊन तू मैफिलीला बसला आहेस आणि वर सांगतोस की आता कसा मोकळा वाजतो!

हाताने काम करायची हौस असेल तर हौसेजोगतं काम देतो. एम-४ महामार्गावर ताशी १००च्या आसपास तुझं इंजिन साधारण ३००० फेऱ्यांवर असतं आणि गाडीत बसलेल्याच्या कवटीत एक घुमणं सुरू होतं. गेल्या महिन्यात तू तुझ्या आजीला मंडळाच्या कार्यक्रमाला नेलंस. ती उतरली ती कानात कापूस घालून, बिचारी दोष वाऱ्यावर ढकलत होती. ते घुमणं साधारण १०० हर्ट्झचं आहे. ४०० अंश तापलेल्या वायूत आवाज सेकंदाला साधारण ५२० मीटर धावतो, म्हणजे त्याची लहर ५.२ मीटरची. तिचा चौथा हिस्सा १.३ मीटर. तेवढ्या लांबीची, एका टोकाला बंद असलेली नळी मुख्य पाइपला फाटा काढून जोड. आत शिरलेली लहर बंद टोकावर आपटून अर्धी लहर उशिरा, म्हणजे नेमकी उलटी होऊन परततेय आणि पाइपमधल्या लहरीला गिळतेय, हे तुझं तुलाच ऐकू येईल. मात्र त्या नळीतला वायू वाहत नाही, त्यामुळे तो बराच थंड असतो आणि लागणारी लांबी कमी भरते. आधी लांब काप, मग ऐकत ऐकत छाट. गार हवेचा वेग धरून ८६ सेंटिमीटरची नळी वेल्ड करून मोकळा झालास, तर आजी पुन्हा कापूस घालेल.

इंजिनाच्या जवळ एक रेझोनेटर, मागे एक मोठा सरळ छिद्रांचा सायलेन्सर. छिद्रांच्या नळीभोवती आधी स्टेनलेस स्टीलची लोकर गुंडाळून घे, काचेची लोकर तिच्या बाहेर. नुसती काचेची लोकर रोटरीचा वायू लवकरच जाळून पाइपबाहेर फेकतो आणि डबा रिकामा वाजू लागतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तर बसवावाच लागेल. शिवाय आवाजही मोजतात, पाइपच्या तोंडापासून अर्धा मीटर अंतरावर, ४५ अंशात मायक्रोफोन धरून. न्यू साउथ वेल्समध्ये तुझ्या गाडीच्या आवाजाला कायद्याची मर्यादा आहे. पुण्यात पोलिस असले सायलेन्सर रस्त्यावर मांडून वरून रोडरोलर फिरवतात. इथे तसला सोहळा करत नाहीत, नुसता दंड करतात. मला थोडं वाईटच वाटतं.

घरी सर्वांस नमस्कार. आजीला विशेष.

तुझा,
भिंतीपलीकडचा काका

ता. क. परवा सकाळी गाडी सुरू होईना म्हणून तू हताश उभा होतास. गार इंजिन सुरू करून, गाडी दहा पावलं पुढे घेऊन लगेच बंद केलीस की रोटरीत पेट्रोल साचतं आणि प्लग भिजतात. त्यावरची युक्ती सोपी आहे आणि मला येते. सायलेन्सर बसवलास की सांगेन.