लंबक

तात्यांच्या शेजारी बसून सिनेमा पाहायचा म्हणजे सिनेमा सोडून बाकी सगळं पाहायचं. नायिका रडत असते आणि तात्या आपल्या दंडाला चिमटा काढून कुजबुजतात, "खुंटीवरची छत्री बघा!" आपल्याला छत्री सापडेपर्यंत नायिका डोळे पुसून माहेरी पोचलेली असते.

तात्या बँकेत होते. लोकांच्या सह्या ताडून पाहण्यात नोकरी गेली, त्यामुळे दिसतं तसं नसतं हे अंगात मुरलेलं. निवृत्तीनंतर फिल्म सोसायटीचे सभासद झाले आणि तो संशय पडद्यावरच्या सामानसुमानाकडे वळला. 'गॉडफादर'मध्ये संत्रं दिसलं की कुणावर तरी संक्रांत येते, हा त्यांचा लाडका सिद्धांत. डॉन कॉर्लिओनी संत्री घेत असताना त्याच्यावर गोळ्या झाडतात, आणि मरतो तो संत्र्याच्या सालीचे दात लावून नातवाला भेवडावताना. "अहो, पण कलादिग्दर्शक डीन टॅव्हुलारिस तर म्हणतात, अंधाऱ्या चौकटीत जरा रंग हवा म्हणून संत्री ठेवली," असं मी एकदा म्हणून पाहिलं. तात्या कीव आल्यासारखे हसले. "मांडणाऱ्याला कुठं ठाऊक असतं, आपण काय मांडलंय ते!" नागपूरहून मेहुणा पेटी पाठवतो, तेव्हा मात्र हा सिद्धांत पेटी संपेपर्यंत तहकूब असतो.

प्रत्येक वेळी ते चुकतात असंही नाही. 'फँड्री'त जब्याच्या घरचे डुक्कर काठीला बांधून शाळेच्या भिंतीपुढून नेतात आणि भिंतीवर आंबेडकर, सावित्रीबाई रंगवलेल्या आहेत. तेव्हा तात्यांनी चिमटा काढला नाही. नुसते बसून राहिले.

तर, गेल्या पावसाळ्यात एका मालिकेच्या आर्ट डिपार्टमेंटचा पोरगा जुनं सामान हुडकत आमच्या वाड्यात आला आणि त्याने तात्यांचं लंबकाचं घड्याळ मागितलं. भाडं किती, हे काकूंनी विचारलं. तात्यांनी त्याला 'कुंकू' सांगायला घेतला. १९३७ साल, प्रभातचा सिनेमा, शांतारामबापूंनी पार्श्वसंगीतच ठेवलं नाही. म्हातारा काकासाहेब, कोवळी नीरा आणि भिंतीवरचं ते घड्याळ! त्याची टिकटिक म्हणजे म्हाताऱ्याचं उरलेलं आयुष्य! पोरगा "हो काका, हो काका" करत घड्याळ चादरीत गुंडाळत होता. खाली टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता.

मग रोज संध्याकाळी साडेसातला अख्खा वाडा तात्यांकडे. आठव्या दिवशी घड्याळ दिसलं. सासूच्या खांद्यामागे, अर्धं. सासू बोलायला लागली तेव्हा दहा वाजून पाच मिनिटं. सून उत्तर देताना पावणेचार. सासू पुन्हा बोलली, तर परत दहा-पाच. तात्या ताडकन उठले. "पाहिलंत? या घरात प्रत्येकाचा काळ वेगळा आहे! सासू तिच्या काळात अडकलीय!" तळमजल्यावरचा टेलर म्हणाला, दोघींची शूटिंगं वेगवेगळ्या वेळी झाली असतील. त्याला चहा मिळाला नाही.

दोन महिन्यांनी घड्याळ परत आलं, आणि बंद. "लंबक कुठाय?" काकूंनी विचारलं.

"काकू, टिकटिक माइकमध्ये यायची. साउंडवाले ओरडायला लागले, म्हणून काढला. आणतो उद्या."

तात्या मटकन खुर्चीत बसले. शांतारामबापूंनी ज्या आवाजावर सिनेमा पेलला, तो यांनी बंद करायला लावला होता. बऱ्याच वेळाने म्हणाले, "तरी त्यातही काहीतरी..." आणि पुढचं त्यांना सुचलं नाही. तात्यांना न सुचण्याचा हा मी पाहिलेला एकमेव प्रसंग.

तो उद्या अजून उजाडलेला नाही. परवा गेलो तर घड्याळाच्या रिकाम्या पेटीत, लंबकाच्या आकड्याला, किल्ल्यांचा जुडगा लटकत होता. तात्या मान तिरपी करून त्याच्याकडे एकटक पाहत होते. तोंड उघडणार, एवढ्यात आतून काकूंचा आवाज आला, "अहो, नुसत्या किल्ल्या आहेत हं त्या!"