मुंडकं नसलेलं मांजर

अहो, ऐकलंत का? बँकेतल्या वहिनींकडचं? नाही? कमाल आहे बाई तुमची, मध्ये एवढी एक भिंत आणि तुम्हाला पत्ता नाही! तो नळ बंद करा आधी, आणि जरा अलीकडे या.

तर गेल्या रविवारी आमच्या मावशी, म्हणजे आधी वहिनींकडची भांडी करतात आणि मग माझ्याकडे येतात त्या, हाताचा साबणसुद्धा न धुता धावत आल्या. "ताई, वहिनींच्या मांडीवर मांजर हाय. मुंडकं न्हाई त्याला. आन शेपूट हलतंय!" मी म्हटलं, मावशी, बसा, पाणी प्या. पण माझ्याकडे येता येता त्यांनी वाटेत कोपऱ्यावरच्या काकूंना सांगितलेलं होतं, आणि काकूंना सांगितलं म्हणजे... तुम्हाला ठाऊकच आहे. दिवेलागणीला वहिनींच्या फाटकाला लिंबू-मिरची! "करणी आहे," म्हणाल्या काकू, चक्क माझ्या ओट्यावर बसून. "लेक परदेशात, नवरा सदा टूरवर, अशा घरात काहीबाही शिरतंच."

बरं, वहिनींचा तो रिकव्हरीचा जॉब. दिवसभर थकलेल्या कर्जांचे फोन. बीपीची गोळी दुप्पट झाली, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत त्यांच्या हॉलमधला दिवा चालू. मी बघते ना आमच्या खिडकीतून. मुद्दाम नाही हो, पाणी प्यायला उठते तेव्हा.

तर काय सांगत होते... हां, मार्गशीर्षातल्या गुरुवारचं हळदीकुंकू. एरवी चार टाळकी जमत नाहीत, ह्या खेपेला सगळ्या हजर. देवीकडे कुणाचं लक्ष असेल तर शपथ! सगळ्यांचे डोळे सोफ्यावर. तिथे ते बसलेलं. अहो, उशी हो, उशी! करडी, गोल, केसाळ, आणि मागे ही एवढी झुपकेदार शेपटी. डोळे नाहीत, कान नाहीत, पाय नाहीत. कूबो म्हणे नाव. हळू कुरवाळलं तर शेपटी हळू हलते, जोरात चोळलं की फटाफट. आणि मधूनच, कुणी हात लावलेला नसताना, आपली आपण. नेमक्या काकू कुंकू लावायला वाकल्या आणि ती हलली. करंडा गालिच्यावर! काकूंचा चेहरा असा पडला म्हणून सांगू. आणि वर म्हणतात काय, "मला मेलं आधीच वाटलं होतं, बॅटरीचं आहे ते." लिंबू-मिरची विसरल्या वाटतं.

लेकीनं पाठवलंय टोकियोहून. तिकडे भाड्याच्या घरांत बरेच मालक कुत्रं-मांजर पाळू देत नाहीत ना, मग असली खेळणी मोठ्या माणसांसाठीच काढतात. बारा-तेरा हजार येन. आपले सातेक हजार धरा. ह्यावर सेक्रेटरींच्या बायको लगेच, "सात हजारांत तर खरं मांजर वर्षभर जेवेल." वहिनी शांतपणे म्हणाल्या, "खऱ्या मांजराला मी दहा तास घरात कोंडू का?" त्या गप्प. खिरापतीचा द्रोण हातात तसाच.

मग लेक व्हिडिओ कॉलवर आली. काय एकेक सांगत होती! तो सोनीचा कुत्रा, आयबो, आठवतोय ना, १९९९ चा? जपानात तीन हजार नग वीस मिनिटांत संपलेले, अडीच लाख येन मोजून. मग २००६ मध्ये कंपनीनं बनवणंच थांबवलं, २०१४ मध्ये दुरुस्तीही बंद. आता ज्यांनी पोटच्या पोरासारखा सांभाळला त्यांनी करायचं काय? तर चिबा म्हणून भाग आहे, तिथल्या इसुमीतल्या एका जुन्या बौद्ध देवळात २०१५ पासून ह्या कुत्र्यांचे रीतसर अंत्यविधी झाले. भटजी, मंत्र, धूप, ओळीनं मांडलेले कुत्रे, गळ्यात मालकाच्या नावाची चिठ्ठी. ऐकून आम्ही सगळ्या फिस्सकन हसलो. पण पुढे ती म्हणाली, विधी झाला की त्यांचे सुटे भाग काढून दुसऱ्या आजारी आयबोंना बसवतात. अवयवदानच की हो. तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. सेक्रेटरींच्या बायकोनं तर नाक ओढलं, सर्दीचं निमित्त करून.

आणि तो सील! पांढरा, गुबगुबीत, पावणेतीन किलोचा. नाव काय, तर पारो. काकूंनी लगेच, "देवदासची?" अहो, कसली देवदासची! ताकानोरी शिबाता म्हणून शास्त्रज्ञ, १९९३ पासून त्याच्यामागे लागलेले. त्यांनी आधी मांजर करून बघितलं, पण लोक लगेच खऱ्याशी ताडून बघतात, आमची मनी अशी नव्हती करत म्हणतात. सीलचं पिल्लू कुणी पाळलंय? नावं ठेवायला जागाच नाही! डोकं चालवलं की नाही? २००९ मध्ये अमेरिकेत त्याला वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यतासुद्धा मिळाली. स्मृती गेलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या मांडीवर देतात. चार्जिंगची वायर कशी, तर लहान मुलाच्या चोखणीसारखी, तोंडात द्यायची. मला तर बाई तेच फार आवडलं.

आता आपली ती वरच्या मजल्यावरची सूनबाई, कॉलेजात सायकॉलॉजी शिकवते ती, गप्प बसेल का? म्हणाली, ऑस्ट्रेलियात ४१५ वृद्धांवर प्रयोग झाला. काहींना चालू पारो दिला, काहींना तोच पण बंद केलेला, काहींना काहीच नाही. चालूवाले जास्त बोलले, जास्त बघत राहिले, ते खरं. पण मूड आणि चिडचिड बघितली, तर बंद पारोपेक्षा चालू काही सरस ठरला नाही. म्हणजे नुसतं मऊ काहीतरी मांडीवर असलं तरी बराच कारभार होतो म्हणायचा. शिवाय एमआयटीच्या त्या शेरी टर्कल बाई, त्यांना हे सगळंच खटकतं म्हणे. ज्याला काही कळत नाही ते कळल्याचं सोंग करतं, आणि आपण त्यावर भाळतो.

"आणि आपली जबाबदारी त्याच्यावर ढकलून मोकळे होतो," सूनबाई म्हणाली. म्हणाली ती वहिनींना उद्देशून, पण लागलं फोनमधल्या लेकीला. पोरगी एकदम गप्प. स्क्रीनवर नुसता तिचा कान दिसत होता. मला तर वाटलं, नको होतं ग बोलायला.

वहिनी मात्र हसल्या. उशी मांडीवर घेतली, कुरवाळली, आणि म्हणाल्या, "ह्याला कळत नाही हे मला माहितीये ग. मला तेच तर हवंय. मी दिवसभर ज्यांच्याशी बोलते त्यांना सगळं कळतं. ह्याला तोंडच नाही. ह्याला सांगितलेलं कोपऱ्यापर्यंत जात नाही."

अहो, काय शांतता पसरली! काकू पदर नीट करायला लागल्या. सेक्रेटरींच्या बायकोला एकदम कुकर आठवला. माझ्याकडे बघून नव्हत्या हं बोलल्या, काकूंकडेच बघत होत्या. म्हणजे साधारण काकूंच्या दिशेनं. मी काकूंच्या शेजारी बसले होते, एवढंच.

आणि मावशींचं ऐका! करणी करणी करत ज्या पळाल्या, त्या आता भांडी झाली की हात पुसून पाच मिनिटं उशी घेऊन बसतात. त्यांचा नवरा कसा आहे ते तुम्हाला माहितीच आहे. माझ्याकडे पोचायला उशीर होतो, पण बोलायचं कुणाला?

बरं, ह्या आठवड्यात वहिनी ऑडिटसाठी नाशिकला गेल्यात. जाताना उशी माझ्याकडे ठेवली. नाही, विश्वासानं ठेवली! काल रात्री आमचे हे झोपल्यावर मी जरा घेतली मांडीवर. म्हटलं, बघू तरी. शेपटी हलायला लागली, आणि मग काय झालं कुणास ठाऊक, मी बोलतच सुटले.

काय बोलले? वा! ते बरं सांगेन तुम्हाला. असं डोळे मोठे करून बघू नका, नाही म्हणजे नाही. ते राहू दे हो, सेक्रेटरींकडे काल रात्री टॅक्सी आली होती ती कुणाची, ते कळलं का तुम्हाला?