श्रमसंस्कार शिबिर यथासांग कसे पार पाडावे

महाविद्यालयात नव्याने रुजू झालेल्या ज्या प्राध्यापकास नकार देण्याची विद्या अवगत नसते, त्याच्याकडे राष्ट्रीय सेवा योजनेचे कार्यक्रम अधिकारीपद आपसूक चालत येते. अशा सद्गृहस्थांच्या उपयोगार्थ, चार शिबिरे अंगावर काढल्याच्या अधिकाराने, पुढील सूचना लिहून ठेवीत आहे.

प्रथम तासांचा हिशेब समजून घ्यावा. गांधीजन्मशताब्दीच्या निमित्ताने 24 सप्टेंबर 1969 रोजी 37 विद्यापीठांत ही योजना सुरू झाली आणि कोणार्कच्या सूर्यरथाचे चक्र तिच्या बोधचिन्हात विराजमान झाले. त्या चक्राचे आठ आरे अष्टौप्रहर सेवेची ग्वाही देत असले, तरी नियमास स्वयंसेवकाकडून दोन वर्षांत 240 तासच, म्हणजे जेमतेम दहा अहोरात्र, अपेक्षित आहेत. तेवढेही भरत नसल्यास गडबडून जाऊ नये. प्रमुख पाहुण्यांची वाट पाहण्यात गेलेला वेळ 'कार्यक्रम नियोजन' या सदरी जमा करण्याचा शिरस्ता असून, पाहुणे जितके थोर, तितकी ही जमा भरीव होते.

गाव निवडताना त्याचे मागासलेपण पाहावे, परंतु प्राचार्यांची मोटार शाळेच्या ओट्यापर्यंत पोहोचेल इतपतच. उद्घाटनाच्या कुदळीस हळदकुंकू वाहण्यापूर्वी तिचा दांडा हलवून पाहावा. एका वर्षी आमच्या पाहुण्यांच्या पहिल्याच घावासरशी पाते निसटून सरपंचांच्या नव्या वहाणेजवळ जाऊन पडले, आणि पुढील सर्व भाषणे वक्त्यांनी किंचित मागे सरून केली. फलक मात्र ओढ्याच्या दोन्ही काठांस पोहोचेल इतका लांब असावा, कारण छायाचित्रात फलक आला नाही तर श्रमदान झालेच नाही, असे दफ्तराचे मत असते.

शंभरांच्या एककातून सात दिवसांच्या निवासी शिबिरास पन्नास जण न्यावयाचे असतात. त्यांत दहा वाढीव गुणांवर डोळा ठेवून आलेला एक तरी विद्यार्थी असतोच. त्यास कमी लेखू नये. गोणी भरणारा हात कोणत्या हेतूने चालतो आहे, हे वाळूस समजत नाही.

गोणीचा विषय निघालाच आहे, तर वनराई बंधाऱ्याविषयी सविस्तर लिहिणे प्राप्त आहे. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळूमाती भरून, त्यांची तोंडे शिवून, पावसाळ्यानंतर वाहत्या राहिलेल्या ओढ्यावर त्या आडव्या रचावयाच्या, एवढेच हे शास्त्र असल्याची माझी समजूत होती आणि तदनुसार आम्ही दीड दिवसात तीन थर रचलेही. तेव्हा काठावर धुणे धूत बसलेल्या एका आजीबाईंनी हातातले लुगडे पिळता पिळता विचारले, "सांध्यावर सांधा ठिवताय व्हय रं पोरांनो? पाणी काय आंधळं हाय?" आम्ही निमूटपणे तिन्ही थर उतरविले आणि खालच्या दोन गोण्यांच्या सांध्यावर वरच्या गोणीचे पोट येईल अशा बेताने पुन्हा चढविले. सायंकाळी पाणी तटले, आणि गुणांसाठी आलेला तो मुलगा अंधार पडेपर्यंत कमरेइतक्या पाण्यात उभा राहून फटींत चिखल लिंपीत होता.

दुपारच्या बौद्धिक सत्राविषयी लिहिण्यासारखे काही नाही. ते जेवणानंतर असते.

अहवालाचे काम मात्र शिबिराला निघण्यापूर्वीच उरकावे, म्हणजे 'ग्रामस्थांचा उत्स्फूर्त प्रतिसाद' प्रत्यक्ष प्रतिसादाची वाट पाहत अडून राहत नाही. उद्घाटनास दीड पान द्यावे. आम्ही बंधाऱ्यास तीन ओळी दिल्या, आणि त्यांत आजीबाईंचे नाव नाही, कारण ते कोणी विचारलेच नाही.

घमेली गावातून उसनी आणलेली असतात. प्रमाणपत्रे वाटण्यापूर्वी ती मोजून परत करावीत. आमच्याकडून अद्याप दोन येणे आहेत.