आज सांगलीत काय?

लॅपटॉपची फीत कशी कापतात, हे मला मे महिन्यात कळलं. लॅपटॉप मिटायचा, त्याला आहेराच्या खोक्यासारखी लाल साटीनची फीत गुंडाळायची, गाठ वर येऊ द्यायची आणि कात्री पाहुण्यांच्या हातात द्यायची. नारळाचं पाणी उडू नये म्हणून एक कार्यकर्ता टॉवेल धरून उभा होता. तयारीत काही म्हणजे काही कमी नव्हतं. फक्त भक्तिभावाच्या भरात कुणीतरी टचपॅडवरच हळदकुंकू वाहिलं. हळद सांगलीची, मानांकन मिळवलेली. ती बसली म्हणजे बसली. पडद्यावरचा बाण जागचा हलेना. शेवटी माझ्या भाच्यानं रुमालाला थुंकी लावून टचपॅड पुसला आणि सांगलीच्या तरुणाईसाठी मनोरंजनाची खास वेबसाइट जगाला खुली झाली. ‘जगाला’ हा शब्द प्रास्ताविकातला. वायफायचा पासवर्ड हॉलच्या मॅनेजरला ठाऊक, आणि मॅनेजर जेवायला गेलेला. त्यामुळे त्या दिवशी जगानं, म्हणजे आम्ही साठ जणांनी, फक्त स्क्रीनशॉट पाहिला.

वयोगट 18 ते 30, असं पत्रिकेवर छापलं होतं. व्यासपीठावर सात जण. भाषणं चालू असताना मी त्यांच्या वयांची बेरीज केली, ती चारशेच्या पुढे गेली. त्यातल्या त्यात पोरसवदा म्हणजे युवा नेते, ते चोपन्न. प्रमुख पाहुण्यांनी तरुणांना मोबाइल कमी बघण्याचा कळकळीचा सल्ला दिला. टाळ्याही पडल्या. छापील वयोगटातले तिघेच हजर होते : भाचा, त्याचा भागीदार आणि पुष्पगुच्छ आणून देणारा पोरगा. तिसरा मोबाइल बघत होता.

नावाचा घोळ महिनाभर चालला. कट्टा, कल्ला, राडा, सगळी नावं आधीच कुणी ना कुणी घेऊन ठेवलेली. ‘भडंग’ हे नाव मला फार आवडलं होतं. गावचं, कुरकुरीत, जरा तिखट. पण एका प्रायोजकांचा भडंगाचाच धंदा, दुसऱ्यांचाही तोच. मग मधला मार्ग म्हणून एक संस्कृत नाव निघालं. त्याचं इंग्रजी स्पेलिंग दोघे भागीदार अजून दोन तऱ्हांनी करतात.

तसं मनोरंजनाचा नवा धंदा काढणं या गावाला नवं नाही. कर्नाटकातून आलेल्या मंडळींचे खेळ सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनी पाहिले आणि असंच काही आपल्याकडे बसवायला विष्णुदास भाव्यांना सांगितलं. कल्पना बाहेरची, आवृत्ती स्थानिक आणि पैसे लावणारा घरचा. 1843 साली ‘सीता स्वयंवर’ उभं राहिलं. सूत्रधार मागून पदं गायचा, पात्रं पुढे हावभाव करायची, मधली भाषणं आयत्या वेळची. गाणं मागून, हातवारे पुढून! आमच्या गल्लीतल्या पोरी गच्चीवर दुसरं काय करतात? 1851 साली आप्पासाहेब गेले, दरबारचा आधार सुटला आणि भाव्यांनी नाटकाचं बिऱ्हाड पाठीवर घेतलं. 1853 साली मुंबईत तिकीट लावून खेळ केले. ही गोष्ट मी भाच्याला पुष्कळदा सांगितली आहे. तो दर वेळी सीता स्वयंवराशी थांबतो. पुढचं ऐकत नाही.

वेबसाइटचं मुख्य पान म्हणजे ‘आज सांगलीत काय?’ प्रश्न विचारायला सोपा. 5 नोव्हेंबरला रंगभूमी दिन, त्या दिवशी सांगलीत काय ते सगळ्या महाराष्ट्राला माहीत असतं. उरलेल्या 364 दिवसांचं काय करायचं? पहिल्या आठवड्यात पानावर मधुमेहावरचं व्याख्यान, मोफत नेत्रतपासणी शिबिर आणि वीजपुरवठा बंद राहणाऱ्या भागांची यादी झळकली. तरुणांच्या मनोरंजनात नेत्रतपासणी कुठे बसते, असं मी विचारलं. भाचा म्हणाला, “मामा, रोज एक तरी पोस्ट पडायला लागती. न्हाईतर गूगल खाली ढकलतंय.”

तरुण कुठे असतात ते मला माहीत आहे. ते कॉलेजसमोरच्या टपरीवर असतात. पाच जण, तीन कटिंग, पाच मोबाइल. मी त्यांना वेबसाइटबद्दल विचारून पाहिलं. एकानं मान वर न करता विचारलं, “ॲप हाय का?”

जाहिराती कॅफेच्या, जिमच्या, सिनेमाच्या येणार होत्या. आल्या दादांच्या वाढदिवसाच्या. कानाला मोबाइल लावलेले दादा आणि खाली चाळीस शुभेच्छुक. चौकातल्या फ्लेक्सवर शुभेच्छुकाचं डोकं कलिंगडाएवढं दिसतं, मोबाइलवर ते मोहरीएवढं झालं. दुसऱ्या दिवशी भाच्याला चाळीस फोन : माझा चेहरा दिसंना. मग प्रत्येक डोकं मोठं केलं. आता ‘आज सांगलीत काय?’पर्यंत पोचायला अंगठ्यानं चाळीस डोकी वर सरकवावी लागतात. त्याखाली पोलीस भरतीची अकॅडमी. त्याखाली भावपूर्ण श्रद्धांजली. श्रद्धांजली घ्यायला भाचा कचरत होता, पण पार्टीनं दुप्पट दर दिला. ती कुठे टाकायची यावर चर्चा झाली आणि ‘आगामी कार्यक्रम’मध्ये टाकली. रक्षाविसर्जनाला वार, वेळ आणि स्थळ असतंच, आपला फॉर्म त्यात बरोबर बसतो, असं भागीदाराचं म्हणणं.

मग पाऊस लागला. कोयनेचं पाणी सुटलं की सांगलीत रामराम नंतर, “आयर्विनला किती?” आधी. आयर्विन पुलाशी 40 फूट म्हणजे इशारा आणि 45 म्हणजे धोका, हे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. 2019 साली पाणी 57 फुटांच्या वर गेलं. तेव्हापासून 30 झालं तरी माणसं गॅस सिलिंडर माळ्यावर चढवतात. भाच्यानं सहज सुचलं म्हणून पानाच्या डोक्यावर आयर्विनचा आकडा टाकला आणि दर तासाला बदलत राहिला. संध्याकाळी 36 झालं आणि वेबसाइट गर्दीनं बसली. मनोरंजनानं तीन महिन्यांत जे जमलं नव्हतं, ते कृष्णामाईनं एका दिवसात केलं. आकड्याच्या लगेच खाली दादांचा वाढदिवस होता, तोही गावानं तासातासाला पाहिला. दादांचा स्वतः फोन आला. आवाज गंभीर होता. “पाणी आनखी दोन दिवस टिकंल न्हवं?”

टिकलं नाही. 38 वरून उतरलं. भाच्यानं रात्री बसून कोण कुठून बघतंय याचा तक्ता काढला. सांगलीतले थोडे. निम्म्याहून जास्त पुण्यातले. हिंजवडी, वाकड, कोथरूड. आईबाप इथे आणि पोरं तिथे, ती रात्री दोनला आकडा बघत होती. 18 ते 30, अगदी पत्रिकेवर छापलेला वयोगट. भाच्याचे डोळे चमकले. “मामा, आपलं मार्केट पुण्यात हाय!”

परवाच्या गाडीनं तो आणि भागीदार गेले. ऑफिस बघायला म्हणून. पिशवीत मुलाखतीचा इस्त्रीचा शर्टही होता, तो ताईनं मला दाखवला. आज सकाळी मी वेबसाइट उघडली. आयर्विन 14 फूट. खाली दादांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. वाढदिवस जूनमध्ये होऊन गेला. बॅनर काढायचा पासवर्ड फक्त भाच्याकडे, आणि भाचा फोन उचलत नाही.