बंद पडलं, पण पडलं नाही!

(काचेचं छोटं टेबल, त्यावर चिमटे, स्क्रूड्रायव्हर. घड्याळजी डोळ्याला भिंग लावून बसलेले. भिंग न काढताच वर बघतात.)

या, बसा. स्टूल जरा डुगडुगतं, सांभाळून. काय, बंद? पडलं होतं का? नाही. भिजलं? छे! म्हणजे आपणहूनच बंद पडलं.

(घड्याळाची पाठ उघडतात.)

बॅलन्स-चाकाचा दांडा मोडलाय, काचेच्या आत वाफ, आणि चावीच्या बुडाशी वाळलेली कणीक. काका, हे पडलं नाही, भिजलं नाही, पण पोळ्या मात्र लाटत होतं!

परवा एक साहेब आले. सेलचं घड्याळ, चावी बाहेर ओढलेली. वेळ लावली असेल आणि आत ढकलायची राहिली. चावी पूर्ण बाहेर, की काटे थांबणारच. मी बोटानं दाबली, सुरू! पैसे नको म्हटलं, तर साहेबांचा चेहरा पडला. फुकटात झालं म्हणजे नीट झालं नाही. तेव्हापासून मी आधी भिंग लावतो, तीनदा ‘हंऽऽ’ करतो, मग दाबतो. वीस रुपये. लोक आशीर्वाद देऊन जातात.

ही बघा, एचएमटी जनता. लग्नातली. डायलवर ‘17 ज्वेल्स’ वाचून काकूंनी कित्येक वर्षं लॉकरात ठेवलेली. काकू, ती कृत्रिम माणकं. आतल्या चाकांना टेकू म्हणून बसवतात, विकून चहासुद्धा यायचा नाही! आता बाहेर काढली तर चालेना, आणि आळ कुणावर? नातवावर! म्हणे, त्यानं चावी जास्त दिली. अहो, स्प्रिंग पूर्ण भरली म्हणून घड्याळ बंद पडत नसतं. लॉकरात तेल वाळून गोंद झालाय, म्हणून भरलेली असूनही हलत नाही. बॅलन्स सेकंदाला पाच ठोके देतो, दिवसाला 4,32,000. कोरड्या अंगानं कसे देईल? खोलून, धुऊन, तेल घालून देतो. नातवाला तेवढं दोषमुक्त करा.

(दुसरं घड्याळ उचलून वास घेतात.)

हे सेलचं. यातला क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो. सेल संपत आला, की काही घड्याळांत सेकंदकाटा चार-चार सेकंदांची उडी मारून सांगतोसुद्धा. पण ऐकतो कोण? बंद पडलं, की टाक ड्रॉवरमध्ये, सेलसकट! मग तो आत पाझरतो, सर्किट खातो, आणि सेलच्या पैशांत भागणारं काम अख्ख्या मशीनवर जातं. वर मलाच विचारतात, “एवढे कसले हो?”

(भिंग कपाळावर सरकवतात. प्रेक्षकांना)

तुम्हीही ऐका. चावीचं घड्याळ रोज सकाळी मनगटावरून काढून भरा, अडलं की थांबा. मेलेला सेल आत ठेवू नका. आणि पडलं असेल तर पडलं म्हणून सांगा हो, मी काय पोलिसांत देणार आहे?