दुसऱ्याच्या घरचं कारलं

आपल्या कचेऱ्यांत ‘वरचा माणूस’ ओळखायची एक सोपी खूण आहे. प्रिंटरमधला कागद संपला की जो “अरे, कोणीतरी बघा रे” म्हणतो, तो वरचा. जो मुकाट्याने कागद घालतो, तो तिथेच राहतो. बढती म्हणजे एकेका कामातून क्रमाक्रमाने सुटका, अशी आपली पक्की समजूत आहे. आधी झेरॉक्स सुटते, मग टपाल, आणि पुढे गाडीचं दारही दुसरं कुणी उघडतं. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. इतरांची अडलेली कामं ज्याच्या हातून सर्वांत जास्त गेली, त्यालाच पुढारीपण पेलतं. यात मनाच्या मोठेपणाचा फारसा संबंध नाही. कुठे काय अडतं हे त्यालाच ठाऊक असतं, एवढंच.

पुरावा म्हणून मुंबईच्या डबेवाल्यांचा मुकादम घ्या. 1890 च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेला हा धंदा, आणि त्यातली बहुतेक माणसं मावळ, खेड, जुन्नरकडची. वीस-पंचवीस जणांचा एक गट आणि त्यावर मुकादम. खरं कसबाचं काम म्हणजे डब्यांची वर्गवारी. झाकणावरची रंगीत अक्षरं नि आकडे पाहून कुठला डबा कुठल्या स्टेशनाला, कुठल्या इमारतीत, कितव्या मजल्यावर हे ठरवायचं, तेही लोकल फलाटाला लागायच्या आत. त्यात मुरला तो मुकादम. नव्या पोराला शिकवणं, पैशांचा हिशेब, गिऱ्हाइकाची कुरबुर हे सगळं त्याच्याकडे. आणि गटातला कोणी तापाने फणफणला तर टोपी सारखी करून त्याचे डबे पोचवायला निघतो तोही हाच. अमेरिकेत रॉबर्ट ग्रीनलीफ नावाच्या गृहस्थांनी एका टेलिफोन कंपनीत उभी हयात काढली आणि निवृत्तीनंतर, 1970 साली, नेता हा आधी सेवक असतो असं सांगणारा निबंध लिहिला. तोवर डबेवाल्यांना डबे उचलून ऐंशी वर्षं झाली होती. निबंध लिहायला त्यांना सवड नव्हती, कारण रोजच एक वाजत आलेला असे. आता त्या विचारावर कार्यशाळा भरतात. तिथे जेवण बुफे असतं आणि ताटं दुसरंच कुणीतरी उचलतं.

यावर पहिला आक्षेप असा, की मग सेवा आणि चमचेगिरी यांत फरक काय? साहेबाची बॅग उचलणाराही सेवाच करतो आणि मुकादमापेक्षा लवकर वर चढतो. गांधींचंच उदाहरण घ्या. 1901 च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये बॅरिस्टर गांधी काम मागायला काँग्रेसचे चिटणीस घोषालबाबू यांच्याकडे गेले. घोषालबाबूंनी पत्रांचा ढीग पुढे सरकवलाच, वर आपल्या सदऱ्याची बटणंही लावून घेतली. गांधी बटणांमुळे मोठे झाले असं मानणारी मंडळी प्रत्येक खात्यात सापडतात. पण थोड्याच दिवसांत काँग्रेसचा कारभार कसा चालतो ते आपल्याला कळलं, असं गांधींनी आत्मकथेत लिहिलंय. ते पत्रांतून कळलं असणार. बटणांतून फार तर घोषालबाबूंच्या गळ्याचं माप कळलं असेल. सेवेतून काम कळतं की नुसता साहेब कळतो, एवढंच पाहायचं.

दुसरा आक्षेप जड आहे, कारण तो खरा आहे. राबणाऱ्याला लोक राबवूनच घेतात. एकनाथांच्या घरी साक्षात देवाने श्रीखंड्या होऊन 12 वर्षं कावडीने पाणी भरलं अशी कथा आहे. एवढ्या अवधीत त्यालासुद्धा वरिष्ठ पाणक्याची जागा मिळाली नाही, आणि तो कोण होता हे उमगलं तो निघून गेल्यावर. यावर माझ्याकडे अर्धंच उत्तर आहे. दुसऱ्याचं काम कायमचं गळ्यात घेणं ही सेवा नव्हे. मुकादम आजाऱ्याचे डबे चार दिवस पोचवतो. वर्षभर तेच करत बसला तर वर्गवारी कोण करणार? उरलेलं अर्धं उत्तर पाहणाऱ्यांच्या हाती आहे, आणि कचेरीतले पाहणारे सहसा निरोपसमारंभात शाल पांघरतानाच नीट पाहतात. डबेवाल्यांचं त्या मानाने बरं आहे. तिथे मुकादमाची किंमत कळायला शाल लागत नाही. वर्गवारीला भलताच कोणी बसला, तर भर एक वाजता डबा उघडावा आणि आत दुसऱ्याच्या घरचं कारलं निघावं.