अंगण दोन अंशांनी वाकडं

नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण रचणाऱ्याकडे अंगण मोजायची सोय नव्हती. आता झाली आहे. अंगण नेमकं किती अंशांनी वाकडं, नाचणाऱ्याचं मनगट जमिनीपासून किती इंचांवर लोंबतं, कंबर केव्हा सुटते, हे सगळं रडारवर बघून अंगण तेवढंच उलट बाजूला वाकवून देणारे कारागीर देशात दुकानं थाटून बसले आहेत. गोल्फमध्ये याला ‘फिटिंग’ म्हणतात. आमचे भाऊजी नुकतेच ते करून आले.

भाऊजी म्हणजे फ्रीगंजात राहणारे, बँकेतून निवृत्त झालेले आणि गुडघे शाबूत राहावेत म्हणून गोल्फकडे वळलेले गृहस्थ. उज्जैनात महाकाल आहे, शिप्रा आहे, 2028च्या सिंहस्थासाठी खणलेले रस्ते आहेत. म्हणजे खड्ड्यांची वानवा नाही, फक्त त्यांत चेंडू घालायची पद्धत नाही. म्हणून भाऊजी सैन्यातल्या एका जुन्या मित्राचा हात धरून महूच्या मैदानावर जातात. एका बाजूचे 75-80 किलोमीटर.

तिथे भाऊजींचा चेंडू उजवीकडे जातो. बाभळीत. कित्येक वर्षं जातो आहे. वारा, गवत, सकाळचं दव आणि मित्राची बडबड एवढ्यांवर संशय घेऊन झाल्यावर आळ शेवटी आयर्नवर आला. (गोल्फच्या पिशवीत नियमाने जास्तीत जास्त 14 दांडकी चालतात. त्यांतली आकडे घातलेली, लोखंडी पात्यांची ती आयर्न. आकडा वाढतो तसं पातं उताणं होत जातं, चेंडू उंच उडतो आणि जवळ पडतो.) मग दिल्लीकडच्या एका स्टुडिओत वेळ ठरली.

स्टुडिओ म्हणजे एक पडदा, हिरवा गालिचा आणि टी-शर्टातला एक मुलगा, जो भाऊजींना वाक्यागणिक ‘सर’ म्हणत होता. बँकेत शेवटच्या वर्षी कुणी म्हणत नव्हतं. निम्मं फिटिंग तिथेच झालं. मुलाने उंची घेतली, मनगटापासून जमिनीपर्यंतचं अंतर घेतलं, पंजा मोजला आणि विचारलं, “सर, सात नंबरने किती जातो?”

“दीडशे यार्ड,” भाऊजी म्हणाले.

कधीतरी उतारावर, पाठीशी वारा असताना एकदा दीडशे गेलेला असतो. तो मग माणसाला आडनावासारखा चिकटतो. मुलगा काही बोलला नाही, त्याने रडार लावलं. रडारला मुलाहिजा नसतो. आकडा आला 112.

पुढे दांडीचा प्रश्न. दांडी किती लवते त्याला अक्षरं आहेत: एक्स, एस, आर आणि ज्येष्ठांसाठी ए किंवा एम. भाऊजींना एस हवं होतं, म्हणजे स्टिफ. फटक्याचा वेग बघून मुलाने अदबीने ‘सीनियर’ सुचवलं. मार्च 2020मध्ये रेल्वेने ज्येष्ठ नागरिकांची सवलत बंद केली, त्याबद्दल भाऊजी अजून प्रत्येक मुंजीत आणि बारशात बोलतात. इथे कुणी आपण होऊन ज्येष्ठ म्हणतंय तर अपमान झाला! तडजोड आरवर झाली. या अक्षरांना सगळ्या कंपन्यांत मिळून एकच माप नाही, एकीचं एस दुसरीच्या आरइतकं मऊ निघू शकतं, हे त्यांना नंतर कळलं. दोन दिवस हळहळत होते. दांडी आरची आणि अक्षर एसचं, असा योग हुकला.

खरा शोध लागला तो पात्यावर. चेंडूच्या पाठीवर जाड पेनाने उभी रेघ ओढतात आणि फटका मारायला लावतात. रेघेचा ठसा पात्यावर सरळ उमटला तर ठीक. तिरका उमटला तर दांडी आणि पात्याचा तळ यांच्यातला कोन, ज्याला ‘लाय’ म्हणतात, तुम्हाला बसत नाही. उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या पात्याचं टोक खाली गेलं तर चेंडू उजवीकडे ओढला जातो, टाच खाली गेली तर डावीकडे. यात थोतांड काही नाही, भूमिती आहे. कार्स्टन सोल्हाइम या नॉर्वेत जन्मलेल्या अमेरिकन इंजिनियरने 1959 साली घरच्या गॅरेजात ‘पिंग’चा उद्योग मांडला आणि 1972 साली याच कोनासाठी आयर्नवर रंगीत ठिपके आणले: काळा ठिपका मधल्या मापाचा, बाकीचे रंग त्याहून उभे किंवा आडवे. ताईला हे ऐकवलं तर ती म्हणाली, “अहो, मग काळाच घ्यायचा होतात ना, दृष्ट तरी लागली नसती.”

भाऊजींचं अंगण दोन अंशांनी वाकडं निघालं. नवा संच घ्यायचा आणि त्यातली पाती शिकंज्यात धरून त्यांची मान दोन अंश उभी करायची, असं ठरलं. फंडाची रक्कम हातात पडली तेव्हाही भाऊजींच्या चेहऱ्यावर इतकं समाधान नव्हतं. इतकी वर्षं दोष आपला नव्हता, हे कुणीतरी लेखी दिलं होतं. ताई म्हणते, पाठीचा एक्स-रे काढा म्हटलं तर यांना वेळ नसतो, काठीचा काढायला विमानाने गेले.

शिवाय लांबी वाढली. नव्या सात नंबरने चेंडू वीसेक यार्ड पुढे पडला आणि भाऊजींना दीडशे पुन्हा दिसू लागला. या चमत्काराचं कारण पात्याच्या उताणेपणात आहे. त्याला लॉफ्ट म्हणतात. एके काळी सात नंबरचा लॉफ्ट 35-36 अंशांच्या आसपास असे. हौशी खेळाडूंसाठी निघणाऱ्या आजच्या सातचा कित्येकदा 30हून कमी असतो. म्हणजे मूर्ती जुन्या पाचाची, आकडा सातचा. पण सगळा संच असा उभा करत नेला की तळाशी घोटाळा होतो. पिचिंग वेज (आकडेवाल्या आयर्नच्या खालचं, आणखी उताणं दांडकं) लांब जायला लागतो, त्याच्या खालचा सँड वेज होता तिथेच राहतो आणि मधल्या अंतराला दांडकंच उरत नाही. हा खड्डा भरायला ‘गॅप वेज’ नावाचं आणखी एक दांडकं मिळतं. मिळतं म्हणजे विकत मिळतं. आधी खड्डा पाडायचा आणि मग भरण्याचं कंत्राटही आपणच घ्यायचं, ही पद्धत आमच्या गावात दुसऱ्या एका खात्यात रूढ असल्यामुळे भाऊजींना त्यात वावगं दिसलं नाही.

आता उज्जैनकराने फिटिंगला नावं ठेवू नयेत, हे खरं. सवाई जयसिंगाने इथे बांधलेल्या वेधशाळेतलं सम्राट यंत्र म्हणजे दुसरं काय आहे? त्याच्या जिन्याची तिरकी कड जमिनीशी 23 अंश 11 कलांचा कोन करते, कारण उज्जैनचा अक्षांश तेवढा. दिल्लीतला जिना निराळ्या कोनात, जयपूरचा आणखी निराळ्या. 1923 साली माधवराव शिंद्यांनी या वेधशाळेचा जीर्णोद्धार करवला, गोविंद सदाशिव आपट्यांसारखे ज्योतिर्विद तिचे अधीक्षक झाले. यंत्राची सावली उज्जैनची स्वतःची वेळ सांगते, ती आपल्या घड्याळाहून सरासरी 27 मिनिटं मागे असते. सहलीला आलेली माणसं मनगट बघून ‘चुकतंय’ म्हणतात. त्यांना फरकाचा तक्ता दाखवतात. जिना ठोकून वाकवत नाहीत.

जयसिंगाला एक सोय होती. अक्षांश हलत नाही. भाऊजींची कंबर हलते. एका चेंडूला ती आधी सुटते, दुसऱ्याला उशिरा, तिसऱ्याला सुटतच नाही, आणि दर वेळी मनगट वेगळ्या उंचीवर असतं. एसीत, सपाट गालिच्यावर, कानावर ‘सर’ पडत असताना मारलेल्या फटक्यांची सरासरी काढून ते दोन अंश आले. ते त्या दुपारच्या भाऊजींचं माप होतं. वाटेत इंदूरला पोहे-जिलेबी रिचवून महूच्या चढउतारावर उभे राहणारे भाऊजी म्हणजे वेगळीच असामी.

त्यांचा नातू मलखांबाला जातो. पेशवाईत बाळंभटदादा देवधरांनी वाढवलेला हा खेळ उज्जैनात चांगला रुजला आहे. 2013मध्ये मध्य प्रदेशाने त्याला राज्याचा खेळ केलं आणि इथल्या योगेश मालवीय यांना 2020चा द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. नातू खांबावरून घसरतो. गुरुजी खांबाला एरंडेल लावतात आणि पुन्हा चढ म्हणतात. ‘माझ्या मांडीच्या मानाने हा खांब दोन अंश कमी कललाय’ असं त्याने म्हणून बघावं. आजोबांनी मात्र हे लाखभर रुपये मोजून म्हटलं आणि समोरून ‘येस सर’ आलं.

नवा संच घेऊन भाऊजी महूला गेले, तेव्हा मीही बरोबर होतो. पहिला चेंडू उजवीकडे गेला. लांबी वाढलेली असल्यामुळे बाभळीच्याही पलीकडे गेला. कॅडीने आयर्न हातात घेऊन उलटसुलट पाहिलं, पात्यावर बोट फिरवलं आणि म्हणाला, “साब, डंडा तो भोत बढ़िया है, पर मुंडी वोई पुरानी उठ री है.” परतीच्या वाटेवर भाऊजी दांडक्याच्या ग्रिपच्या जाडीबद्दल बोलत होते.

तरीही ज्यांना जायचं आहे त्यांनी जरूर जावं. उंची चारचौघांपेक्षा फार वेगळी असेल, पंजा मोठा असेल, पाठ किंवा कोपर दुखत असेल, तर दांडीची लांबी आणि वजन, ग्रिपची जाडी आणि लाय यांनी खरोखर फरक पडतो. मात्र आधी काही महिने शिकवणी लावा आणि चेंडू निदान एकाच पद्धतीने चुकू द्या, म्हणजे मोजणाऱ्याला मोजण्यासारखं काही मिळेल. आणि जुनी आयर्न विकायच्या आधी ती वाकवून मिळतात का, ते विचारा. मऊ पोलादाची घडीव पाती सहज वाकतात. कडक पोलादाची ओतीव पाती दोनेक अंशांपुढे मोडण्याची भीती असते. वाकवणावळ नव्या संचाच्या मानाने किरकोळ पडते.